एक कोटी वेळा टिक

मी माणसं मोजणारा एक जुना काउंटर आहे. मुठीत मावेन एवढा. डोक्यावर खटका, पोटात आकड्यांची चार चाकं. खटका दाबला की टिक, एक माणूस वाढला.

मित्रांनो, माझी एकोणीस वर्षं एका संग्रहालयाच्या दारात गेली, तिकिटं तपासणाऱ्या काकूंच्या उजव्या मुठीत. एक पाऊल आत, एक टिक हातात. कडेवरचं तान्हंही काकू सोडत नसत. "लहान असलं म्हणून काय, आलंय ना बघायला!" नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवानंतर मी पुन्हा शून्यावर येई. तेव्हा काकू माझ्या कडीला बांधलेल्या दोरीला एक गाठ मारत.

गेल्या वर्षी एकतीस गाठी झाल्या. म्हणजे तीन लाख दहा हजार माणसं. नव्या साहेबांनी नाक मुरडलं. "काकू, तुमचा अंगठा दारात डुलक्या घेतो."

"साहेब, एकही माणूस चुकवला नाही मी."

"मग काय मी खोटं बोलतोय?"

दुसऱ्या दिवसापासून काकू कोठारातली धूळ झटकू लागल्या. मी गंजक्या टाचण्यांबरोबर खणात पडलो. खण बंद करताना काकूंचे दोन थेंब माझ्या खटक्यावर पडले होते. त्या थेंबांनी मी गंजलो, मित्रांनो, आणि त्या गंजाला धार लावत बसलो.

मग वार्षिक समारंभ आला. मागे फलक होता : 'एका वर्षात एक कोटी प्रेक्षक!' शोभेसाठी साहेबांनी मला मखमलीवर मांडलं होतं. अध्यक्ष असलेल्या म्हाताऱ्या विश्वस्त बाईंनी विचारलं, "एवढे मोजले कुणी?"

"यानंच!" साहेबांनी मला उचललं.

मागून, हातात फडकं घेतलेल्या काकू म्हणाल्या, "मग कोटीपर्यंत दाबून दाखवा ना साहेब. आम्ही बसतो. सेकंदाला एक म्हटलं, तरी एकशे सोळा दिवस लागतील. जेवण नाही, झोप नाही."

लोक हसले. साहेब म्हणाले, "वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात, काकू!"

"असतात की! पण आपलं दार रोज आठच तास उघडं. त्या हिशेबानं तीनशे सत्तेचाळीस दिवस हवेत. सोमवारच्या सुट्ट्या वजा केल्या तर उरतात तीनशे तेरा. बाकीची माणसं काय खिडकीतून आली?"

साहेब चिडून टिकटिक करू लागले. शंभर. दीडशे. अंगठा घसरायला लागला. दोनशे बारावर मी त्यांची कातडी खटक्याखाली कच्चकन धरली.

"आई गं!"

सूड वाईट असतो, असं तुमचे गुरुजी सांगतात. खरंच असेल. मला मात्र फार गोड लागला.

विश्वस्त बाईंनी फलक उतरवायला लावला. सगळ्यांसमोर काकूंना म्हणाल्या, "दार तुमचं. आणि साहेब, महिनाभर तुम्ही यांच्या हाताखाली मोजायचं."

आता काकू खुर्चीत बसतात आणि साहेब उभे राहतात. "साहेब, ते बाळ राहिलं," त्या गोड आवाजात सांगतात. टिक.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा. वेळच्या वेळी तेल घाला, ती तुमच्या बोटांना लोण्यासारखी लागतील. काकूंच्या पिशवीत माझ्यासाठी तेलाची बाटली कधीची आलीय. काल साहेबांनी अंगठा चोळत विचारलं, "काकू, घाला ना दोन थेंब."

काकू म्हणाल्या, "घालणार की. महिना संपू दे."