बुवांचा एकच प्रश्न

बुवांच्या पुण्यतिथीला मी दरवर्षी कोल्हापुरातून एसटीनं कोडोलीच्या मठात जातो. यंदा दारातच बुवांचा दहा फुटी फ्लेक्स. फोटोखाली ठळक अक्षरांत 'जीवन हा अनंताचा प्रवास आहे'. माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं मी बुवांच्या सेवेत काढली, असलं वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

कमिटीचा अध्यक्ष उदयसिंह याला मी तसं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "मग बुवा काय म्हणायचं ते सांगा की, गणपतराव. आत्ता बदलून घेतो."

बुवा म्हणायचे, "जेवलास का?" कोर्टकचेरीत अडकलेला येवो, नाहीतर मूल गमावलेली बाई, पहिला प्रश्न तोच. हे सांगितल्यावर कमिटीतली माणसं हसली. हे तर सगळेच विचारतात, म्हणाली. तेही खरंच. पुण्याहून माझा मुलगा राजवीर रोज फोनवर विचारतो. मी 'हो' म्हणेपर्यंत त्याचं दुसरंच काही सुरू झालेलं असतं. त्याची आई गेल्यापासून त्या 'हो'मागं कितीदा नुसता चहा असतो, हे त्याला ठाऊक नाही.

पंगती बसल्या. कुणी विचारल्याशिवाय बसायचं नाही, असा हट्ट धरून मी खांबाला टेकून उभा राहिलो. तीन पंगती उठल्या. कुणी विचारलं नाही. भरल्या मठात मला फार एकटं वाटलं. तणतणत बाहेर आलो.

फाटकापाशी फ्लेक्सवाला शिडीवर चढून दुसरा फ्लेक्स बांधत होता. त्याचा सुकलेला चेहरा बघून तोंडातून आपसूक निघालं, "पावणं, जेवलासा काय?"

"व्हय, झालं की," तो वर बघतच म्हणाला.

मी चपलेत पाय घातला आणि थांबलो. बुवा विचारून कधी पुढं निघून जायचे नाहीत. खरं उत्तर येईपर्यंत समोर उभे राहायचे. हे मी उदयसिंहला सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? मी स्वतःच ते विसरलो होतो. बुवा गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि मी नुसता लोकांनी मला विचारायची वाट बघत बसलो होतो.

मी शिडी धरून उभा राहिलो. त्यानं गाठ मारली, ती पुन्हा ओढून बघितली. मग खाली बघितलं.

"न्हाय वो. सकाळपास्नं उपाशीच हाय," तो म्हणाला. "तुमी?"

'झालं' हा शब्द माझ्या ओठावर आला होता. फ्लेक्सवाला शिडीवरून खाली उतरला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला.

"न्हाय," मी म्हणालो.