रागाचे चार मंगळवार

माझ्या रागाला कंपनीने चार मंगळवार दिले. जेवणाच्या सुट्टीनंतर एक तास, ट्रेनिंग रूममध्ये, करकरणाऱ्या पंख्याखाली. समोर दीक्षा मॅडम, भावना कशा सांभाळायच्या ते शिकवायला बाहेरून बोलावलेल्या. चौथ्या मंगळवारी त्या एका कागदावर लिहिणार, 'राग नियंत्रणात आहे' किंवा 'नाही'. 'आहे' आलं तर मी परत प्रेसवर. 'नाही' आलं तर डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं की घरी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चार मंगळवारांत? मला अठरा वर्षांत जमलं नाही."

काय झालं होतं ते आधी सांगते. चाकणला आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग करते. मी आणि दिव्या चार नंबरच्या प्रेसवर आलटून पालटून. पत्रा हाताने आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने पॅडल दाबायचं, की वरून ठोका बसतो. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असताना पॅडल दाबलं गेलं तरी सेन्सर प्रेसला हलू देत नाही. माणसाच्या पायाला घाई होते, डोळ्याला डुलकी लागते. सेन्सरला दोन्ही होत नाही, म्हणून तो ठेवलेला असतो.

खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली. प्रॉडक्शन मॅनेजर सुजित सरांनी यंदा हौसेने झेंडूचे भलेमोठे हार आणले. चार नंबरचा हार नेमका सेन्सरसमोर लोंबायला लागला. दसऱ्यानंतर काम सुरू झालं, तर दर ठोक्याला हार हलायचा, सेन्सरला वाटायचं हात आला, आणि प्रेस थांबायचा. हार काढला की मिटलं असतं. पण पूजेचा हार आपोआप वाळून पडेपर्यंत काढायचा नाही, ही आमच्या प्रेस शॉपची, म्हणजे प्रेसच्या विभागाची, रीत. मग सरांनी मेंटेनन्सच्या रोहिदासला चावी फिरवायला सांगून सेन्सरच बंद करून टाकला. देवाचा हार राहिला आणि हाताची राखण गेली.

त्या आठवड्यात चार नंबरचा मालाचा आकडा बोर्डावर सगळ्यात वर गेला. थांबणंच नाही, तर जाणारच. दिवाळी आली, हार वाळून काड्या झाल्या, तरी कुणी काढेना. आता देवाची भीती नव्हती. हार निघाला की सेन्सर चालू करावा लागणार आणि आकडा खाली येणार, एवढं सगळ्यांना कळत होतं. मी तक्रारपेटीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. त्या पेटीला कुलूप आहे, किल्ली कुणाकडे आहे ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी दिव्याचा पाय अर्धा क्षण आधी पडला. हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक पत्र्यासारखं चपटं होऊन तुटलं. आमच्यात लहान मापाचे हातमोजे मिळत नाहीत आणि दिव्याचा हात शाळकरी पोरीएवढा, म्हणून तिचं बोट टोकापासून अर्धा इंच मागे होतं आणि वाचलं. दिव्या बावीस वर्षांची. ती रडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडे बघत राहिली.

मी तो हातमोजा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या टेबलावर आपटला. चहा लॅपटॉपवर सांडला. पुढे मी जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही, पण ते कॅन्टीनपर्यंत ऐकू गेलं. सर म्हणाले, "ताई, आवाज खाली." मी तो आणखी वर नेला.

चौकशी झाली. चार माणसं दोन तास बसली. मी कोणते शब्द वापरले, चहा किती सांडला, कोणत्या हाताने आपटलं. हातमोजा कुणी मागितला नाही. केबिनमधून उचलून आणलेला तो माझ्या पिशवीतच राहिला. प्रेसचं बोलणं बाजूला पडलं आणि माझ्या आवाजाला चार मंगळवार लागले. तोवर मी पॅकिंगला, प्रेस शॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही. दिव्या मात्र चार नंबरवरच.

पहिल्या मंगळवारी मी हाताची घडी घालून बसले. दीक्षा मॅडमनी विचारलं, "शालनताई, राग आला की शरीरात आधी कुठे कळतो?"

"कानशिलात," मी म्हटलं. "मग सुजित सरांच्या केबिनमध्ये."

त्या हसल्या, पण लिहून घेतलं. मग श्वास घ्यायला लावला, चार अंक मोजत आत, आठ मोजत बाहेर. मनगटावर गार पाणी सोडायला सांगितलं. मी म्हटलं, "यात नवीन काय? माझी आई ओरडायची, पाणी पी आधी."

"आईचं ऐकलं होतं कधी?"

"नाही."

"मग आता ऐका," त्या म्हणाल्या. बाई गोड बोलत होती, पण वाकणारी नव्हती. मला तिथेच ती जरा आवडली.

घरी वेगळाच गुरू निघाला. माझी करिष्मा आठवीत आहे, पिंपळे गुरवच्या शाळेत. त्यांच्या वर्गात भिंतीवर रागाची पट्टी लावली आहे, एक ते दहा. आधी आकडा सांगायचा, मग बोलायचं. मी कामावरून आले, ओट्यावर तिचा न धुतलेला डबा दिसला, की ही विचारायची, "मम्मी, किती?"

"सहा."

"सहावर भांडी आपटायची नाहीत. तोंड धुऊन ये."

"एवढं शिकवलं शाळेने, डबा घासायला नाही शिकवलं?"

पण तोंड धुऊन आले की सहाचा चार झालेला असायचा, हे कबूल करते. चारवर मी तिला डबा घासायला लावला आणि तिने तो घासला. सहावर आजवर कधी घासला नव्हता.

दुसऱ्या मंगळवारी मॅडमनी विचारलं, या रागाच्या खाली काय आहे. मी म्हटलं, रागाखाली राग. त्या गप्प बसून राहिल्या. त्यांना गप्प बसता येतं, मला येत नाही, म्हणून मीच बोलले. सरूबाईचं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी एका छोट्या वर्कशॉपमध्ये ती माझ्या शेजारच्या मशीनवर होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने कागद पुढे केला, 'मशीन व्यवस्थित होती'. करिष्मा लहान होती, कामाची गरज होती. मी साक्षीदार म्हणून सही केली. सरूबाई त्यानंतर मला एकदा बाजारात भेटली. डाव्या हाताने भाजी निवडत होती. ओळखीचं हसली. ते हसू मला आजही सहन होत नाही.

"म्हणजे खाली भीती आहे," मॅडम हळू म्हणाल्या.

"लाज आहे," मी म्हटलं, आणि रडले. आठ आकडे मोजून श्वास सोडण्याचा तेव्हा खरा उपयोग झाला.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी एक कोरा कागद दिला. त्यावर फक्त घडलेलं लिहायचं, कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच. कोण नालायक, कोण हरामखोर, हे नाही. मग बघायचं, राग त्या घडलेल्याला धरून आहे का. नसेल तर तो खाली ठेवायचा. असेल तर काय केल्याने गोष्ट सुटेल ते करायचं, आणि तेवढंच करायचं. मी लिहिलं, 'दसऱ्यानंतर चार नंबरचा सेन्सर बंद. हार वाळला तरी बंद. सोमवारी दिव्याच्या हातमोज्याचं बोट तुटलं. आजही सेन्सर बंद. दिव्या आत्ता तिथे काम करते आहे.' पिशवीतून हातमोजा काढून कागदाशेजारी ठेवला.

मॅडमनी तो हातात घातला. तुटक्या टोकातून त्यांचं बोट बाहेर आलं.

"मग, राग धरून आहे का?" मी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. महिनाभरात या कंपनीच्या आवारात हे म्हणणारी ती पहिली व्यक्ती. "ताई, मला तुम्हाला शांत करायला बोलावलंय, ते मी करीन. गप्प बसवणं माझ्या कामात येत नाही. हा हातमोजा मी माझ्या रिपोर्टात लिहिणार आहे."

त्या दिवशी बसमध्ये दिव्याला म्हटलं, चिमट्याने पत्रा ठेव, मी येईपर्यंत हात घालू नकोस. ती म्हणाली, "चिमट्यानं आकडा होत नाही, ताई. आणि तुम्ही काही बोलू नका ना. माझं बी काम जाईल." मला तिचा राग आला नाही. नऊ वर्षांपूर्वीची मीच बोलत होते.

चौथ्या मंगळवारी दीक्षा मॅडमनी माझ्यासमोर लिहिलं, 'राग नियंत्रणात आहे', आणि सही केली. सुजित सर स्वतः मला न्यायला आले. मॅडम म्हणाल्या, मीही येते. शॉपमध्ये शिरले आणि मला कळलं की माझी वाट बघितली जाते आहे. खांबापाशी दोन सिक्युरिटीवाले उभे होते. एचआरची पूनम हातात मोबाईल धरून होती, कॅमेरा माझ्याकडे. मी पुन्हा ओरडावं एवढीच त्यांची इच्छा होती. चार मंगळवार वाया गेले असं दाखवून मला कायमचं घालवायचं होतं. चार नंबरवर हाराच्या काड्या तशाच होत्या. दिव्या पत्रा हातात घेऊन उभी होती.

"चला ताई," सर म्हणाले, "दाखवा बरं शांतपणे काम करून."

कानशिलं तापली. आठ. मी कूलरपाशी गेले, दोन्ही मनगटांवर पाणी सोडलं, चार मोजले, आठ मोजले. सर घड्याळ बघत होते. त्यांना काय वाटेल याची मला तेव्हा काडीची पर्वा नव्हती.

परत येऊन म्हटलं, "सर, सेन्सर चालू झाल्याशिवाय मी पॅडल दाबणार नाही."

"पुन्हा सुरू झालं तुमचं?"

"नाही सर. पहिलंच अजून संपलेलं नाही."

"हे कोण ठरवणार? तुम्ही? नियम माहितेत का तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला. मी जागेवरून हलले नाही. ते आणखी चढले. टार्गेट, कस्टमर, माझी लायकी, बायकांना कामावर घेऊन झालेली चूक. आजूबाजूच्या मशिनी एकेक करून थांबल्या. सरांच्या मानेवरच्या शिरा मला मोजता आल्या असत्या. या माणसाची मला दीड महिना भीती वाटत होती.

"सर," मी हळूच विचारलं, "एक ते दहात आत्ता किती?"

मास्कमागे कुणीतरी फिसकन हसलं. सर ओरडले, "दिव्या, काम चालू कर."

दिव्याने माझ्याकडे बघितलं. मग पॅडलवरचा पाय उचलला, मागे घेतला, आणि पत्रा खाली ठेवला. मी हाराला नमस्कार केला आणि तो उतरवला. काड्या हातातच मोडल्या. रीत मोडली म्हणून कुणी काही बोललं नाही. "रोहिदासभाऊ, चावी," मी म्हटलं.

रोहिदास खेडकडचा, शेतीवाला गडी. तो सरांकडे न बघता पुढे आला. "चावी मीच फिरवली व्हती," तो म्हणाला. "तवापास्नं झोप लागंना. आता मीच फिरवतो." सेन्सरचा हिरवा दिवा लागला.

मी झाडूच्या दांड्यावर तो तुटका हातमोजा चढवला, प्रेसच्या तोंडात धरला आणि दिव्याला म्हटलं, "दाब." तिने दाबलं. प्रेस हलला नाही. पुन्हा दाबलं. हलला नाही. पूनमच्या मोबाईलमध्ये हे सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी मला पत्र मिळालं, 'आदेशाचा भंग', आणि मुक्काम पुन्हा पॅकिंगला. रागाचं कलम लावता आलं नाही. मॅडमची सही होती, रिपोर्टात हातमोजा होता, आणि व्हिडिओत ओरडणारा आवाज एकच होता, तो माझा नव्हता. डिसेंबरात माझं काय होईल ते मला ठाऊक नाही. पण सहा आणि सात नंबरवाल्यांनीही आपापले हार उतरवले आहेत. पॅकिंगच्या टेबलावर मला चार नंबरचा ठोका ऐकू येतो. मध्येच तो थांबतो, कुणीतरी वैतागतं, आणि मग पुन्हा सुरू होतो.

संध्याकाळी पत्र वाचून झाल्यावर करिष्माने विचारलं, "मम्मी, किती?"

"आठ."

"आठ? आणि तू ओरडत नाहीयेस?" ती बाटली भरून घेऊन आली. "धर, मनगटावर सोड. खाली येईल."

"आठच राहू दे," मी म्हटलं. "उद्या लागणार आहे मला."