टर्बो गार होईपर्यंत

मी बोलतेय, या दोरीच्या पलीकडून. हो, तीच लाल, बुटकी, मागची चाकं रुंद असलेली. हात लावू नका, पहारेकरी ओरडतो. समोरच्या पाटीवर माझ्या सगळ्या शर्यती कोरल्यात. त्या वाचून लोक ‘वा’ म्हणतात, माझ्यासोबत फोटो काढतात आणि चहाला जातात. पाटीवर नसलेली एक गोष्ट आहे. जरा थांबाल तर सांगते.

माझ्यासारख्या तिघीच घडल्या. पत्रा हाताने ठोकून आम्हाला आकार दिला. पण पुढच्याच वर्षी शर्यतीचे नियम बदलले आणि आमचं घडणं थांबलं. थोरली एका वळणावर जळाली, मधलीचे सुटे भाग झाले. मी एकटी उरले, म्हणून आज हा रुबाब. तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं, कारण मी भलती हट्टी होते. वेगात असले की सुसाट, पण वेग उतरला की गचके खायचे आणि जागच्या जागी बंद पडायचे.

मला घेतलं दोघा भावांनी. थोरला चालवायचा, त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा मेकॅनिक. घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने मला पार उघडी केली. “हिचे नखरे मीच उतरवणार,” म्हणाला. जेवण तिथेच, झोपही बऱ्याचदा तिथेच. शेवटी त्याने मला अशी लावली, की उभ्या उभ्या कितीही वेळ सुरू ठेवा, हूं की चूं नाही. मलाच माझं नवल वाटायचं.

दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, पहिल्या दिवशी माझ्यात बसवलं. तिने स्टिअरिंगच्या मधोमध दाबून पाहिलं.

“अहो, हिला हॉर्नच नाही? मग पुढच्याला बाजूला हो कसं सांगायचं?”

“पुढे कुणाला राहूच द्यायचं नाही,” दादा म्हणाला. आणि खरंच, फार कुणाला राहू दिलं नाही आम्ही. डोंगरातली चढाची शर्यत भर पावसात मारली. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या मागे टाकल्या. एकदा तर तिसरा गिअर पडत नसताना जिंकलो, आणि धाकट्याने कौतुक सोडून दादाला गिअरवरून झापलं.

माझा सगळा जोर टर्बोत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक छोटं चक्र गरगर फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. पळून आल्यावर ते लालबुंद झालेलं असतं. तेव्हा इंजिन पटकन बंद केलं, तर त्याला मिळणारं तेल थांबतं आणि ते कामातून जातं. म्हणून शर्यत संपली की इंजिन सुरू ठेवून थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. दादाला ही वेळ फार आवडायची. हेल्मेट न काढता, डोळे मिटून तो शांत बसे. धाकट्याने नियमच केला होता, टर्बो गार होईपर्यंत गाडीजवळ कुणी फिरकायचं नाही.

“माझ्याशेजारी कधी इतका वेळ गप्प बसलात?” वहिनी चिडवायची. “सवतच आणून ठेवलीय तुम्ही.” मला सवत म्हटलेलं आवडायचं. घरातलं कुणी असल्यासारखं वाटायचं.

शेवटची शर्यतही आम्हीच जिंकलो. पण अखेरच्या फेऱ्यांत दादाचा पाय पेडलवरून घसरत होता, आणि सरळ रस्ता आला की तो एक हात छातीशी नेत होता. कसंबसं त्याने मला ट्रॅकवरून आत आणलं, न्यूट्रलवर टाकलं आणि मान मागे टेकली. बाहेर टाळ्या चालल्या होत्या. नेहमीसारखाच बसलाय, असं सगळ्यांना वाटलं.

वहिनीला मात्र काहीतरी खटकलं. “आज काच वर केली नाही हो त्यांनी हेल्मेटची. बघून येते.”

धाकट्याने हात आडवा धरला. “थांबा वहिनी. टर्बो गार होऊ दे. बसू दे त्याला जरा.”

ती थांबली.

तेव्हा दादाचा अंगठा स्टिअरिंगच्या मधोमध आला. त्याने दाबलं. पुन्हा दाबलं. घरच्या गाडीला तिथे हॉर्न असतो. मला नाही. मी बंद पडायची धडपड केली. पूर्वीसारखा एक गचका जरी खाल्ला असता, तरी धाकटा सगळं टाकून धावत आला असता. नाही जमलं. त्याने काम फार चोख केलं होतं. मी संथपणे चालत राहिले आणि अंगठा हळूहळू खाली घसरला.

मग वहिनी आली, हेल्मेटवर टिचकी मारून म्हणाली, “चला, उतरा आता.”

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. नेमकं केव्हा, ते सांगता येत नाही म्हणाले.

गॅरेज बंद झालं. मी ताडपत्रीखाली पडून राहिले, मग वहिनीने मला विकलं आणि मी इथे आले. आता टाकीत पेट्रोल नाही, इंजिनात तेल नाही, फक्त रोज पॉलिश. वहिनीने धाकट्याला त्या दिवसावरून कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बिचारा भांडला तरी असता. तो आता पाण्याचे पंप दुरुस्त करतो. अधूनमधून तिकीट काढून इथे येतो. पहारेकरी पाठमोरा झाला, की दोरीवरून वाकून माझ्या पत्र्यावर हात ठेवतो आणि विचारतो, “मी वहिनीला अडवलं, तेव्हा दादा होता का गं?”

मला त्याच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. आजही आलाय तो, दाराशी बाकावर बसलाय बघा, नखांत काळं तेल असलेला म्हातारा. जाता जाता एवढं कराल? त्याला म्हणा, गाडी सांगत होती, गाडी थांबली त्याच क्षणी दादा गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

अंगठ्याचं मात्र बोलू नका.