आखणीचा श्वास

माझी भाची भाविका दोन वर्षं नाटक करतेय असं मला वाटत होतं. तसं मी तिला तोंडावर म्हणालेही होते. आज आठवलं की लाज वाटते, पण लपवून काय उपयोग, सगळ्या आळीने ऐकलंय ते.

आमचा गणपतीचा कारखाना आहे, पेणच्या पुढे. भाऊ रामचंद्र, म्हणजे भाविकाचा बाप, साचे आणि रंगकाम बघतो, डोळे मी आखते. तीस वर्षं झाली. डोळे आखणं म्हणजे चेष्टा नाही. हात जरा हलला की गणपती तिरळा दिसतो आणि गिऱ्हाईक परत फिरतं. म्हणून आमच्या घरात पोराच्या हातात ब्रश देण्याआधी श्वास रोखायला शिकवतात. पोट आत, तोंड मिटलेलं, मग रेघ. भाविकाला मी आठव्या वर्षी शिकवलं आणि बाराव्या वर्षी तिचा हात माझ्यापेक्षा बरा चालायला लागला. हे मी तिला कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसली असती.

चौदाव्या वर्षी तिचा गळा धरायला लागला. पळाली की धरायचा, रंगाचा फवारा मारला की धरायचा, परीक्षेत पेपर हातात आला की धरायचा. श्वास आत घेताना घशातून शीळ वाजल्यासारखा आवाज, दोन्ही हात गळ्यावर. पाच-दहा मिनिटांत सगळं ठीक. जवळच्या डॉक्टरांनी दमा म्हटलं, पंप दिला. पंपाने काडीचा फरक पडला नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती बरी झालेली असायची आणि छाती तपासली तर स्वच्छ. मग एकदा मी भर कारखान्यात म्हणाले, "काम टालायचं असलं का बरा गला धरतंय तुझा."

"मना काम टालायचं न्हाय, आत्या," एवढंच ती बोलली.

त्यानंतर तिचं बोलणंच कमी झालं. कबड्डी सुटली. सहलीला गेली नाही. मैत्रिणींत बसेना, कारण हसतानाही गळा धरायचा. रंगाचा वास बाधतो म्हणून रामचंद्राने तिला कारखान्यात पाऊल टाकायला बंदी केली. मग ती दारातल्या खुर्चीवर बसून आत बघत राहायची आणि मी तिच्याकडे पाठ करून डोळे आखत राहायचे.

यंदा ती अकरावीत गेली. कॉलेजच्या जिन्यात तिला झटका आला, तो तिच्या बाईंनी पाहिला आणि घशाच्या डॉक्टरांना दाखवाच असा हेका धरला. रामचंद्राला कामातून सवड नव्हती, म्हणून अलिबागला मी घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी भाविकाला तीनदा जिना चढायला लावला आणि शीळ वाजायला लागताच नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पडद्यावर दाखवला.

"हे स्वरतंतू. श्वास घेताना उघडायला हवेत, हिचे मिटतात," त्या म्हणाल्या. "फुप्फुसं ठणठणीत आहेत. हा दमा नाही. आणि नाटक तर मुळीच नाही."

नाटक हा शब्द त्यांना कुणी सांगितला, ते मला विचारावं लागलं नाही. भाविका रडायला लागली. मी घाबरून तिचा हात धरला, तर म्हणाली, "बरं वाटतंय, आत्या. खरं हाय ना ते." मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

औषध काहीच नव्हतं, शिकवणी होती. गळा आवळतोय असं वाटलं की नाकाने फूल हुंगल्यासारखा छोटा श्वास घ्यायचा आणि ओठांतून 'स्स्स' करत लांब सोडायचा. रोखायचा मात्र नाही. तेव्हा मी आमच्या आखणीची रीत सांगितली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याने हा त्रास झाला असं मी म्हणत नाही. पण हिला ते सोडावं लागेल."

"मंग रेग कशी मारायची?" मी विचारलं. माझं डोकं कुठे होतं बघा.

दीड महिना घरात स्स्स चालू होतं. भाकऱ्या थापताना, अभ्यास करताना. झटके आले, पण लवकर ओसरायला लागले. जिना चढताना ती थांबेनाशी झाली. एक दिवस मैत्रिणी घरी आल्या आणि आतल्या खोलीतून तिचं हसणं ऐकू आलं. मी पीठ मळत होते, तशीच उभी राहिले.

गणपतीला पंधरा दिवस उरले तेव्हा ती कारखान्यात आली आणि ब्रश मागितला. रामचंद्र माझ्याकडे बघायला लागला. मी तिला मंडळाच्या चार फुटी मूर्तीसमोर बसवलं. तिने ब्रश उचलला आणि तेवढ्यात घशात शीळ वाजली. रामचंद्र पाण्याला धावला. मी ब्रश घ्यायला हात पुढे केला, तिने मान हलवली. नाकाने हुंगलं, एकदा, दोनदा. मग स्स्स. खांदे खाली आले. पुन्हा हुंगलं आणि सुटत्या श्वासावरच रेघ सुरू केली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एका दमात. हात तसूभरही हलला नाही.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "आत्या, सोड आता."

तिने ब्रश उचलल्यापासून मी माझा श्वास रोखून धरला होता. तो सोडला, आणि त्याच्याबरोबर चार वर्षं अडकलेलं वाक्यही बाहेर पडलं.

"तुझा हात माझ्यापेक्षा बरा हाय, भावे."

"ठाऊक हाय मना," ती म्हणाली आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळली.