कापुलीच्या झाडाखालचं

दुपारच होती, पण रुमिपाता गावात कंदील लावावे लागले होते. गेला महिनाभर तुंगुराउआ ज्वालामुखी धुमसत होता. गावातली माणसं त्याला डोंगर म्हणत नसत, म्हातारी म्हणत. म्हातारी खोकते, म्हातारी रुसली, म्हातारी झोपली. आज मात्र सकाळपासून तिचं नाव कुणी काढत नव्हतं. राख पडत होती. चाळणीतून पीठ पडावं तशी, अजिबात आवाज न करता. राखेने सूर्य झाकून टाकला होता.

लष्कराचा ट्रक देवळासमोर उभा होता. सार्जंट घरोघरी सांगून गेला होता, की तीनदा हॉर्न वाजला की निघायचं. मांडीवर मावेल तेवढंच सामान. जनावरं नाहीत, पलंग नाहीत, हुज्जत नाही.

नार्सिसाने भराभर बांधाबांध चालवली होती. जमिनीचे कागद तिने पोलक्यात खोचले. दोन घोंगड्या, भाजलेल्या सातूच्या पिठाची पिशवी, आणि स्पेनमध्ये टोमॅटोच्या मळ्यांवर राबणाऱ्या नवऱ्याचा, विल्मेरचा, फोटो. शेवटी तिने आपलं शिलाई मशीन उचललं. हाताने फिरवायचं, काळं, जड. शाळेच्या पोरांचे गणवेश शिवून शिवून तिने ते स्वतःच्या कमाईने घेतलं होतं. या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. ते मांडीवर मावतं हे तिने खुर्चीवर बसून आधीच पाहून ठेवलं होतं.

तिची सासू दोरालिसा चुलीपाशी बसली होती. डोक्यावर टोपी, अंगावर शाल, निघायची सगळी तयारी. पण हात मांडीत आणि नजर अंगणाच्या दाराकडे.

"आई, उठा की. तुमचं काय घ्यायचं ते सांगा, मी बांधते."

"माझं काय आहे इथे?"

"कपडे आहेत, कर्णफुलं आहेत चांदीची."

"ती तूच घाल. किनाऱ्यावरच्या बायकांना मिरवायची भारी हौस."

नार्सिसा समुद्राकाठची. लग्न होऊन इथे आल्यापासून हा टोमणा तिच्या अंगवळणी पडला होता. भात नीट झाला तर 'किनाऱ्यावरची आहे, भातच येणार', आणि थंडीने कुडकुडली तर 'किनाऱ्यावरची आहे, कोमट पाण्यातली मासोळी'. तिने गाठ आवळली आणि दुर्लक्ष केलं. पण घरातली शांतता तिला खुपत होती. चुलीमागच्या गवतात एरवी दिवसभर चिवचिवाट करणाऱ्या कुई, सणाला भाजून खायच्या त्या सशाच्या पिल्लांएवढ्या गुबगुबीत कुई, आज एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून मुक्या बसल्या होत्या. त्यांचे डोळेही अंगणाच्या दाराकडेच होते.

"ऐकू येतंय का गं तुला?" दोरालिसा एकदम म्हणाली.

"काय?"

 गुडघ्यांवर हात टेकून दोरालिसा उठली, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि अंगणात गेली.

नार्सिसाच्या मनात पहिलं आलं ते चांदीचं. सासरे हयात असताना काहीतरी पुरून ठेवायचे, असं गावात बोललं जाई. तिने कंदील उचलला आणि मागोमाग गेली. अंगणाच्या टोकाला कापुलीचं जुनं झाड होतं. राखेने पानं अशी करडी झाली होती, की झाड दगडातून कोरल्यासारखं दिसत होतं. त्याच्या बुंध्याशी सासू वाकून खणत होती. कुदळ उचलायचीही ताकद तिच्या हातांत नव्हती.

"आई, काय पुरलंय इथे?"

तेवढ्यात तिला तो आवाज आला. बारीक, थांबून थांबून येणारा, दमलेला. तिने तो याआधीही ऐकला होता. धुकं उतरलेल्या दुपारी, कपडे वाळत घालताना. दर वेळी तिने मांजर म्हणून सोडून दिलं होतं.

"मांजर अडकलंय कुठेतरी," ती म्हणाली.

"मांजर कालच गेलं. कुत्री गेली. उंदीरसुद्धा गेले." दोरालिसाने मान वर केली नाही. "मग आता अंगणात रडायला कोण उरलं, सांग बरं?"

नार्सिसाने कंदील फिरवून पाहिलं. आवाज झाडाच्या मागून येत नव्हता, वरून येत नव्हता. तो पायाखालून येत होता.

"विल्मेरच्या आधीची आहे," सासू खणता खणता बोलू लागली. तिचा आवाज बाजारातल्या बटाट्यांविषयी बोलावं तितका साधा होता. "जन्मली, एकदा रडली आणि गेली. त्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होता, पाद्री येणार कुठून? डोक्यावर पाणी पडलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्याला दफनभूमीत जागा देत नाहीत. मग यांनी इथे ठेवली, घराजवळ. आउका झाली माझी पोर. आउका म्हणजे मेलेल्यांत नाही आणि जित्यांतही नाही. नुसती रडत राहते."

"आणि तुम्ही इतकी वर्षं..."

"मी घरात असले की लवकर गप्प होते. म्हणून तर कुठे गेले नाही. विल्मेर म्हणाला शहरात चल, तू म्हणालीस किनाऱ्यावर चला. तुम्हांला वाटलं, सासू हट्टी आहे." ती थांबली, धापा टाकत. "आज तिला एकटीला वर सोडून मी त्या ट्रकमध्ये बसू?"

खालून पहिला हॉर्न वाजला.

नार्सिसा भुताखेतांना मानणारी नव्हती. पण पायाखाली कुणीतरी रडत होतं, आणि ते मानण्या-न मानण्याच्या पलीकडचं होतं. तिने कंदील फांदीला अडकवला.

"द्या ती कुदळ इकडे. तुमच्या हाताने खणायला बसलो तर ट्रक राहिला बाजूला, म्हातारीच खाली यायची आपल्याला न्यायला."

दोरालिसा हसली. आजच्या दिवसात पहिल्यांदाच.

वरची राख, तिच्याखाली काळी माती, मग मुळं. नार्सिसाने मुळं तोडली. जसजसं खोल जावं तसतशी माती ऊबदार लागू लागली, चुलीशेजारच्या भिंतीसारखी. कुदळीचा आवाज थांबला की रडणंही थांबे, जणू तिकडून कुणी कान देऊन ऐकत होतं. दुसरा हॉर्न वाजला तेव्हा कुदळ दगडी चिपेवर खटकली. चिपेखाली मातीचं मडकं होतं, तोंड मेणकापडाने बांधलेलं. नार्सिसाने ते दोन्ही हातांनी उचललं. इतक्या वर्षांनी त्यात काय उरलं असणार, चिमूटभर. असं तिला वाटलं होतं. पण मडकं जड होतं. नुकतं दूध पिऊन झोपलेलं पोर जेवढं जड लागतं तेवढं.

"मी घेते," सासू म्हणाली.

"तुम्हांला स्वतःला धरायला माणूस लागतं. तुम्ही काय घेता?"

ती घरात आली. टेबलावर मशीन होतं. ते मांडीवर मावत होतं. पण आधी ते ट्रकपर्यंत न्यायला हवं होतं. घोंगड्यांचं गाठोडं एका हातात, सासूचा दंड दुसऱ्या हातात, आणि पाठ एकच.  नार्सिसाने मशीनवर धुतलेली चादर घातली, कोपरे नीट खोचले, आणि शालीची झोळी करून मडकं पाठीशी बांधलं, इथल्या बायका पोर बांधतात तसं.

"किनाऱ्यावरची असून बरं जमतंय," दोरालिसा म्हणाली.

दोरालिसाने कुईंच्या कोपऱ्याकडचं दार उघडून दिलं. एकही कुई बाहेर पडली नाही.

वाटेत समोरचं काही दिसत नव्हतं. राखेत आपली पावलंसुद्धा वाजत नव्हती. एक गाय दाव्यासकट एकटीच उतरत होती, त्यांच्याकडे न बघता. नार्सिसाच्या पाठीवरचं रडणं आता थांबलं होतं, आणि ते जास्त भयंकर होतं. कारण मानेवर, केसांच्या मुळाशी, तिला थांबून थांबून गरम वाफारा लागत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या पोचल्या तेव्हा तिसरा हॉर्न वाजत होता आणि ट्रक भरला होता. देवळाची किल्ली सांभाळणारी दोन्या ओर्तेन्सिया (गावात वयस्क बायकांना मानाने दोन्या म्हणत) पुढच्या फळीवर बसली होती, मांडीवर काचेच्या पेटीतली मेरीमाता घेऊन. तिने त्या दोघींना आपादमस्तक पाहिलं.

"कमाल आहे! गाव देवाला घेऊन निघालंय, आणि ही बाई मडकं घेऊन. खाली शहरात मडकी मिळत नाहीत वाटतं?"

"गप बसा, दोन्या," दोरालिसा म्हणाली.

सार्जंट पुढे आला. तरुण होता, डोळे राखेने लाल. "बाई, भांडी नाहीत. जागा माणसांना पुरत नाहीये. ठेवा ते खाली."

"भांडं नाही ते," नार्सिसा म्हणाली.

"मग काय आहे?"

उत्तर तिला द्यावं लागलं नाही. शालीच्या आतून हुंदका आला, मग एक लांब, बारीक सूर. ट्रकमधल्या सगळ्यांनी तो ऐकला. सार्जंटने हात मागे घेतला. तो शालीकडे पाहत राहिला. शालीचा आकार गोल होता, आणि वर मेणकापडाची गाठ दिसत होती. ती त्यानेही पाहिली.

"बाळ आहे?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"झाकून घ्या मग. राख नाकात जाते." त्याने फळीवरचं आपलं सामान उचलून पायाशी टाकलं आणि जागा करून दिली.

 खाली पोचेपर्यंत ओर्तेन्सियाने काचेची पेटी छातीशी घट्ट धरली होती.

खालच्या शहरात एका शाळेत त्यांची सोय झाली. वर्गातली बाकं भिंतीला लावून गाद्या टाकल्या होत्या, फळ्यावर अजून कुणीतरी लिहिलेली बेरीज होती. मडकं दोरालिसाच्या उशाशी होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेतच रडणं सुरू झालं. लोक ताटं घेऊन बोलत राहिले, जरा मोठ्याने. पाद्री आला, त्याने आधी ऐकून घेतलं आणि मग मान हलवली. संस्कार जिवंतांसाठी असतात, तो म्हणाला; मेलेल्यांसाठी प्रार्थना करता येते, ती मी करतो. त्याने केलीही, मनापासून. रडणं थांबलं नाही.

पाद्री गेल्यावर नार्सिसा सासूजवळ बसली. "आई, आमच्याकडे मासेमारीला गेलेल्या होडीत पोर जन्मलं, तर जो असेल तो पाणी घालतो. अडचणीच्या वेळी कुणीही घालू शकतं."

"इथेही तसंच आहे. पण तेव्हा मी बेशुद्ध होते, आणि यांना सुचलं नाही. नंतर जन्मभर त्यांना तेच खात राहिलं."

नार्सिसाने नळावरून पत्र्याच्या मगात पाणी आणलं. मेणकापडाची गाठ सोडायची हिंमत दोघींनाही झाली नाही. तिने कापडावरच हात ठेवला. कापड ऊबदार होतं.

"नाव काय?"

"ठेवलंच नाही. तूच ठेव. तुझ्या पाठीवरून आली."

नार्सिसाने आपल्या आजीचं नाव दिलं. "एउलालिया, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने," ती म्हणाली आणि पाणी ओतलं. पाणी जमिनीवर ओघळलं नाही. सगळं आत गेलं. आत कुणीतरी जांभई दिल्यासारखा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. दोरालिसाने मडकं उचलून पाहिलं. ते रिकाम्या मडक्याइतकं हलकं झालं होतं. पाद्र्याने काही न विचारता शहराच्या दफनभूमीत कोपरा मिळवून दिला. त्या दिवसापासून दोरालिसा बसल्या जागी घोरू लागली.

आठवड्यांमागून आठवडे गेले. पुलावर सैनिक होते आणि वर जायला बंदी होती. तरी माणसं चोरवाटांनी जनावरांना बघून यायची. एके सकाळी गावातला एलिसेओ असाच जाऊन आला. बायका शाळेच्या अंगणात बटाटे सोलत बसल्या होत्या. तो आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"तुमचं छप्पर बसलं, दोन्या दोरालिसा. राखेच्या वजनाने. घरात शिरायला जागा नाही."

नार्सिसाने सुरी थांबवली. मग पुन्हा सोलायला घेतलं.

"आणि अजून एक," एलिसेओ अडखळला. "तुम्ही पोर खाली आणलंत म्हणतात. पण दोन्या, वर रडणं आहेच. मी माझ्या कानांनी ऐकलं."

नार्सिसाने भीतीने सासूकडे पाहिलं. दोरालिसाने मात्र हातातला बटाटा शांतपणे पाण्यात टाकला.

"माझी आता रडत नाही," ती म्हणाली. "ते दुसऱ्या कुणाचं असेल. त्या उतारावर बाळंत होणारी मी काय एकटीच होते?"

अंगणातल्या सुऱ्या एकेक करून थांबल्या. म्हाताऱ्या बायका खाली बघत होत्या, आपापल्या हातांकडे.  मग ओर्तेन्सियाने विचारलं, आणि तिचा आवाज कुणाला ओळखू आला नाही.

"कुठल्या बाजूने येत होतं, एलिसेओ? ओढ्याच्या?"

"ओढ्याच्याही," तो म्हणाला. "सगळ्याच बाजूंनी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायकांचा एक घोळका पुलावर आला, कुदळी आणि शाली घेऊन. ओर्तेन्सिया सगळ्यांत पुढे होती, आणि तिला आधार द्यायला नार्सिसा. चौकीवरच्या सैनिकाने आडवा बांबू धरला. "वर काही राहिलेलं नाही, बायांनो. घरं बसलीत. कशासाठी जीव धोक्यात घालता?"

"माणसं राहिलीत," ओर्तेन्सिया म्हणाली.

सैनिकाने डोंगराकडे पाहिलं. आज वारा इकडचा होता, आणि उतारावरून काहीतरी येत होतं, अगदी बारीक. त्याने चटकन बांबू वर केला आणि म्हणाला, की राख सुरू व्हायच्या आत परत या.

बायका पुलावरून निघाल्या. पलीकडे पोचल्यावर ओर्तेन्सियाने चप्पल काढून हातात घेतली आणि ओढ्याची वाट धरली.