लाल नळीला टपोरी अंडी

"काकू, आज काय भाव लावलाय?" दारावरच्या पहारेकऱ्याने रोजच्यासारखं विचारलं.

"तुम्हाला परवडायचा नाही," काकूंनी रोजचंच उत्तर दिलं आणि त्या मासेघरात शिरल्या.

त्यांचे मासे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले. खायचे नव्हेत, प्रयोगाचे. संध्याकाळी नर आणि मादीच्या मध्ये पारदर्शक आडपट्टी घालायची, सकाळी दिवे लागले की काढायची. मग मादी अंडी घालते आणि काकूंची धावपळ सुरू होते. अंड्यातल्या एका पेशीच्या दोन व्हायच्या आत केसाहून बारीक सुईने त्यात डीएनएचा थेंब सोडायचा असतो. या कामात काकूंची उभी हयात गेली होती. हात चांगला बसला होता.

आज मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, दोन नळ्या पुढ्यात ठेवल्या. एकीला लाल झाकण, दुसरीला निळं. एकीत चारचौघांसारखा डीएनएचा तुकडा होता, दुसरीत काकूंच्या लेकीचा.

लेकीचा चेहरा जन्मापासून हलला नव्हता. ती हसायची, पण घशातल्या घशात. गाल आणि ओठ जागच्या जागी. शाळेत पोरी तिला 'पुतळी' म्हणायच्या, ऑफिसात लोक शिष्ट म्हणायचे. काकूंच्या सासूबाईंनी तर पाळण्यात डोकावूनच निकाल देऊन टाकला होता. "दिवस गेलेले असताना भावासाठी रडरड रडलीस ना, त्याचं हे फळ." काकूंचा पाठचा भाऊ त्याच वर्षी गेला होता. सासूबाईंना जाऊन जमाना झाला, पण त्यांचं ते वाक्य हात धुऊन काकूंच्या मागे लागलं होतं. लेकीला काकूंनी ते कधी सांगितलं नव्हतं; सांगितलं होतं ते फक्त एकदा बाईंना.

"जनुक म्हणजे दिवा धरा," बाई म्हणाल्या होत्या. "हा तुकडा त्याचं बटण. मेंदू घडत असताना कुठल्या पेशीत दिवा लागायचा, कधी लागायचा, हे बटण ठरवतं. माशात, उंदरात, आपल्यात ते जवळजवळ अक्षर न् अक्षर तेच आहे. तुमच्या लेकीत त्यातली दोन अक्षरं बदललीत. त्याने काही बिघडतं का, ते मासेच सांगतील. बटणाला आपण हिरवा उजेड जोडलाय. जिथे बटण दाबलं जाईल, तिथे हिरवं दिसेल."

"आणि बिघडत नसेल तर?"

"तर मग कारण दुसरीकडे शोधायचं."

ते 'दुसरीकडे' म्हणजे कुठे, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

"खरं तर हे काम तुम्हाला द्यायला नको," बाई आता म्हणाल्या, "पण तुमच्याइतका बसलेला हात दुसरा नाही. कुठली नळी कुणाची, ते मात्र विचारायचं नाही."

काकूंनी विचारलं नाही, ताडलं. लाल नळी ठेवताना बाईंचा हात जरा हळुवार झाला होता. म्हणजे लाल लेकीची. झालं! टपोरी, नितळ अंडी लाल नळीच्या वाट्याला गेली आणि गढूळ, मलूल निळीच्या. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. साय कुणाच्या वाटीत पडते, ते कुठल्या आईला विचारू नये.

दोन दिवसांनी त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लाल बशीतल्या पिल्लांच्या डोक्यामागे, चेहऱ्याच्या नसा जिथून निघतात तिथे, हिरवे झुपके लखलखत होते. निळ्या बशीत तिथे अंधार होता.

काकूंनी भिंगावरून डोळा काढला. लेकीचं बटण धडधाकट होतं. मग उरलं काय? त्यांचं रडणंच.

"लाल छान उजळलीय," त्या कशाबशा म्हणाल्या.

"लाल साधी, काकू. निळी तुमच्या लेकीची." बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हा नवराबायकोच्या रक्तात हा बदल नाही. तिच्यातच पहिल्यांदा झालाय, आपसूक. रडण्याने अशी अक्षरं बदलत नाहीत."

काकू स्टुलावर बसल्या. आता घरी जाऊन लेकीला सांगायचं, एवढंच राहिलं होतं. उठल्याही. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"बाई, मी घोळ घातलाय. चांगली अंडी वेचून लालला दिली. ती लेकीची वाटली म्हणून."

बाईंचा चेहरा उतरला. "अहो काकू! सगळं पाण्यात गेलं की. बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"बोलले नसते तर माझ्या डोक्यातल्या सासूबाई मेल्याच नसत्या, बाई."

बाईंनी पुन्हा सगळं मांडलं. या वेळी अंडी एकत्र कालवून, न निवडता दोन वाटे केले. सुई दुसऱ्या कुणीतरी धरली. काकूंना मासेघरात मज्जाव होता. त्या शेजारच्या खोलीत टाक्या घासत बसल्या, आधीच घासलेल्यासुद्धा.

निकालाच्या दिवशी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं. लेक बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत होती. लाल बशी याही वेळी उजळली होती.

"ही निळी माझी?"

"हो."

"अंधारच आहे की गं."

"तोच बघायचा होता मला," काकू म्हणाल्या आणि मग सासूबाईंचं ते वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा लेकीला सांगितलं.

लेक घशात हसली. मग थांबली.

"म्हणून तू मामाचं नाव काढत नव्हतीस? मला वाटायचं, तुमचं भांडण होतं."

"भांडण कसलं? माझा जीव होता तो."

"मग नंतर कधी रडलीसच नाहीस?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांतलं पाणी भिंगावर पडू नये म्हणून त्या आधी सूक्ष्मदर्शकापासून बाजूला सरकल्या, इतक्या वर्षांची सवय. मग भिंतीला टेकून त्या भावासाठी हमसून हमसून रडल्या.

लेकीचा चेहरा नेहमीसारखाच स्थिर होता. तिने ओढणीच्या टोकाने आईचे गाल पुसले. ते पुन्हा ओले झाले, तिने पुन्हा पुसले.