तिसरा गोल

उत्तरपत्रिकेवरचा तिसरा गोल काळ्या शाईनं गच्च भरला होता, कडेबाहेर ठिपकाही नाही – हात जराही अडखळला नव्हता, आणि तेच शिवगंगाला खुपत होतं. लातूरच्या या क्लासमध्ये ती अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. सरावाला दरवर्षी जुनेच पेपर फिरायचे. यंदा तिनं गुपचूप पर्यायांच्या जागा बदलल्या. सर्वांत अस्थिर कार्बोकॅटायन कोणता? बरोबर उत्तर मिथाईल; मागच्या वर्षी तो पर्याय तिसरा होता, यंदा पहिला. वैद्यकीय प्रवेशासाठी तिसऱ्यांदा बसणाऱ्या पुनमनं तिसराच गोल भरला होता. बदललेल्या बत्तीस प्रश्नांपैकी एकोणतीसला तिनं जुनेच गोल भरले... म्हणजे सराव परीक्षांतले ते सहाशेवरचे गुण, भिंतीवर लावलेलं तिचं नाव – निव्वळ पोपटपंची!

आणि मी शिकवलं तरी काय? मिथाईलच्या धनभारित कार्बनपाशी इलेक्ट्रॉन सहाच, आठ हवेत. सावरून घ्यायला शेजारी दुसरा कार्बन नाही, म्हणून तो तगत नाही, समोर येईल त्याला धरतो... नांदेडला एम.एस्सी.ला हे उमगलं तेव्हा ती भर वर्गात आनंदानं हसली होती. त्या हसण्याची आज तिला लाज वाटली, आणि त्याचा हेवाही.

दुपारी पुनमची आई आली, विठाबाई. एरवी अहमदपूरहून एसटीत ठेवून धाडायचा डबा आज तिनं स्वतःच आणला होता.

"म्याडम, लोह्याचे पाव्हणे सोयरिकीचं उत्तर मागायलेत. पोरगं चांगलं हाय. पुनम म्हनती, यंदा नंबर लागतोय, थांबा. तिचं सोडा, तुमी सांगा. लागंल का न्हाई?"

खरं सांगावं तर पोर महिन्याभरात बोहल्यावर. खोटं सांगावं तर हेही वर्ष त्याच खोलीत, त्याच पेपरांपुढे, आणि मग तोच निकाल... इकडे आड, तिकडे विहीर.

"लागेल," शिवगंगा म्हणाली. "थांबा."

"हाव? मग न्हाई म्हनून कळवते त्यास्नी." विठाबाईनं डोळे पुसले, लगबगीनं जिना उतरली.

पोरीला एक वर्ष मिळवून दिलं, असं शिवगंगानं स्वतःला बजावून पाहिलं – पण जीव हलका होईना. बोलण्यापूर्वी पुनमचा चेहरा तरी डोळ्यांपुढे आला होता का? नाही. दरवर्षी, दर आईला ती हेच सांगत आली होती, याच आवाजात. आजही विचार पुरता व्हायच्या आत, जराही न अडखळता, तिच्या तोंडून तेच उत्तर निघालं होतं.